बिनइलाजाचा तुकडा

माझी थोरली मावशी किडे मोजायची. काय करता, असं कुणी विचारलं की ती सरळ सांगायची, "किडे मोजते." पुढचा प्रश्न सहसा कुणी विचारत नसे.

ती ज्या संशोधन केंद्रात कामाला होती तिथल्या शेतात साबुकंदावर, म्हणजे ज्याचा साबुदाणा करतात त्या कंदाच्या झाडांवर, पिठ्या ढेकूण पडायचा. कुणी शेंड्यावर पीठ भुरभुरून गेल्यासारखा दिसतो, म्हणून हे नाव. रोज सकाळी दोन तुकडे, तुकड्यातली चाळीस-चाळीस झाडं, एकेक शेंडा भिंगाखाली धरून मोजायचा. एका तुकड्यात साहेबांनी तिळाहून बारीक गांधीलमाश्या सोडल्या होत्या. त्या ढेकणाच्या अंगात अंडी घालून त्याला संपवतात. दुसऱ्यात काहीच करायचं नाही, कीड खाईल तेवढं खाऊ द्यायचं. त्याला सगळे बिनइलाजाचा तुकडा म्हणत. दोन्हींतला फरक दाखवायला तीन हंगाम मोजायचं होतं, आणि मावशीची कंबर पहिल्याच हंगामात गेली.

शेताला लागूनच्या दोन खोल्यांत ती आणि माझे आजोबा राहायचे. आजोबांची हयात शेतात गेलेली.

"अगं, झाड मरतंय आणि तू नुसती मोजतेस?" ते रोज विचारायचे.

"मोजायचाच पगार आहे, बाबा," मावशी रोज तेच सांगायची. मला विचाराल तर दोघांचंही बरोबर होतं आणि दोघंही सारखेच हट्टी.

तिसऱ्या हंगामात बिनइलाजाच्या तुकड्यातले आकडे उतरायला लागले. शेंड्यावर साठ असायचे तिथे वीस, मग सात. साहेब चिंतेत पडले. दोन्हीकडे ढेकूण सारखेच कमी, मग गांधीलमाशीने केलं तरी काय? मावशीने तो तुकडा पुन्हा मोजला, मग आणखी एकदा. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, पण आकडा काही हलला नाही.

एका सकाळी आजोबांच्या हातात चहा देताना तिला त्यांचा अंगठा दिसला. नखाच्या कडेला पांढरं पीठ होतं.

"बाबा, शेतात जाता?"

"दुपारी तू ऑफिसात असतेस तेव्हा. पाच-दहा झाडं पुसून येतो रोज." मग जरा लाजून म्हणाले, "तुझं काम हलकं झालं ना थोडं?"

मावशीला त्यांच्यावर ओरडता आलं नाही, आणि त्याचाच तिला दिवसभर राग येत राहिला.

गप्प राहिली असती तर बिचारी गांधीलमाशी फुकट बदनाम झाली असती. तिने साहेबांना सगळं सांगितलं. साहेबांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत बसले. हंगाम बाद. म्हणजे आणखी एक वर्ष, तीच झाडं आणि तीच कंबर.

"वडिलांचं काय ते तुम्हीच बघा," एवढंच ते म्हणाले.

पुढच्या हंगामात दुपारी ऑफिसला जाताना ती बाहेरून कडी लावायला लागली. फार जिवावर यायचं, असं तिने मला नंतर सांगितलं. आजोबा खिडकीशी खुर्ची ओढून बसायचे. खिडकीतून तो तुकडा समोरच दिसायचा. शेंडे आखडत गेले, पानं गळायला लागली. एके दिवशी ती घरी आली तर आजोबा खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करून बसले होते.

दुसऱ्या दिवशीची तिची वही मी पाहिली आहे. अक्षर नेहमीसारखंच टापटीप. बिनइलाजाचा तुकडा, सतरावं झाड, ढेकूण एकसष्ट. शेजारी शेऱ्याच्या रकान्यात लिहिलंय, "मोजल्यावर यातला एक मी मारला."