न विचारलेला कौल

कृष्णनाथ गुरवाचा आवाज चांगला होता आणि तोच त्याला नडला.

साखळीहून वाळपईच्या वाटेला लागले की एका वळणावर डोंगरात शिरणारा अरुंद रस्ता लागतो. त्याच्या टोकाला वायंगणवाडा, जेमतेम तीस घरांची वस्ती. पावसाळी भात कापून झाले की झरीच्या पाण्यावर इथे पुन्हा भात लावायचे. त्या दुसऱ्या पिकाला वायंगण म्हणतात आणि त्यावरूनच वाड्याला नाव पडले. वाड्याचा देव राष्ट्रोळी. देवापुढे गाऱ्हाणे घालण्याचा, म्हणजे गावाचे म्हणणे मोठ्याने देवाच्या कानावर घालण्याचा मान गुरवांच्या घरी होता. बाप गेला तेव्हा थोरला भाऊ बोलताना अडखळतो म्हणून मान बाविशीतल्या कृष्णनाथकडे आला. तो एका दमात गाऱ्हाणे ओढायचा आणि सगळा वाडा एका सुरात "व्हय म्हाराजा" म्हणायचा. त्याच्या अंगावर मूठभर मांस चढायचे. चढणारच, नाहीतर त्याला विचारत कोण होते? दोन गुंठे बागायत, चार म्हशी आणि हा आवाज, एवढीच त्याची दौलत.

गाऱ्हाणे झाले की कौल. देवाच्या पाषाणावर पाणी शिंपडायचे, पिटकोळीच्या फुलाच्या पाकळ्या उजव्या-डाव्या बाजूला चिकटवायच्या आणि वाट बघायची. उजवी आधी पडली तर देव हो म्हणाला, डावी पडली तर नको. लग्न असो, विहीर असो, भावाभावांची वाटणी असो, वाड्यावर कौलाशिवाय पान हलत नव्हते. एकदा कौल मिळाला आणि पाषाण पुसला की त्या दिवशी दुसरे काही विचारायचे नाही, असा नियम होता.

देवळामागे राय होती. राय म्हणजे देवाच्या नावाने राखलेले रान. सातवीण, किंदळ, जांभूळ, भेरली माड, आणि त्यांच्यावर चढलेल्या मनगटाएवढ्या वेली. दिवसाढवळ्या आत शिरले तरी डोळे सरावायला वेळ लागे. रायीत लोखंड न्यायचे नाही. कोयता शिवेवरच्या दगडाशी ठेवायचा आणि मोकळ्या हाताने आत जायचे. जमिनीवर पडलेले ते आपले, झाडावरचे देवाचे. देवाचा कालो, म्हणजे वर्षाचा उत्सव, झाला की दुसऱ्या दिवशी घरटी एक भारा वाळकी लाकडे आणायची मुभा होती, दुसरा भारा नाही. भिरंडे, म्हणजे कोकमे, वेचायची ती खाली पडलेली. पोळ्यातला मध काढायचा तो अर्धा. दर वर्षी एका घराकडे राखण असायची. त्या वर्षी त्या घराने रायीत डोळा ठेवायचा आणि कुणी फांदी तोडली तर चारचौघांत सांगायचे. तेवढ्या लाजेवर ती राय शेकडो वर्षे उभी होती. कुठल्याही खात्याने तिथे कधी पाटी लावली नव्हती.

आणि ही राय काय द्यायची? हा हिशेब कृष्णनाथने कधी केला नाही. त्याच्या बायकोला, विमलाला, तो तोंडपाठ होता. ती कोरगावची. माहेरी उघडा कातळाचा सडा आणि काजूची झाडे, पाण्यासाठी उन्हाळ्यात मैलभर चाल. लग्न होऊन आली तेव्हा देवळाशेजारची ती झर बघून ती हरखली. भर मे महिन्यातही घागर बुडेल एवढे पाणी. त्या पाण्यावर वायंगण पिकायचे, सुपारी लागायची, मिरी चढायची. रायीतल्या भिरंडांची सोलं वाळवून ती साखळीच्या बाजारात न्यायची, मुलांच्या शाळेचे त्यातून भागायचे. म्हैस विताना अडली की रायीत पडलेला पाला, बाळंतिणीला रायीत गळलेली साल. "ह्या रानान माका पोसला," असे ती उघड म्हणायची. नवऱ्याने पोसले असे म्हणाली नाही, आणि ते खरेच होते.

कृष्णनाथला मात्र रान दिसत नव्हते, देऊळ दिसत होते. चार मातीच्या भिंती, वर नळीच्या कौलांचे छप्पर, पावसात तीन ठिकाणी गळणारे. सासरवाडीला कोरगावला गेला की तिथले रंगवलेले देऊळ, घुमटी, गुळगुळीत लाद्या बघून त्याचे तोंड कडू व्हायचे. आपला आवाज एवढा मोठा आणि देव बसलाय गोठ्यात! वीस वर्षे हे शल्य त्याने उराशी बाळगले.

पुढे गोवा राज्य झाले. त्याआधी आणि त्यानंतरही भाषेवरून भांडणे पेटली होती. कोकणी की मराठी यावरून वाड्यावर दोन तट पडले. सख्खे शेजारी बोलेनासे झाले, देवळाच्या पाटीवर कुठली भाषा लिहायची यावरून पाटीच लागली नाही. त्याच काळात पलीकडच्या डोंगरावरची खाण सरकत सरकत वाड्याच्या शिवेला आली. तिच्याकडे बघायला कुणाला फुरसत नव्हती. आमच्याकडे जिभेसाठी माणसे डोकी फोडून घेतात, आणि त्या जिभेला लागणारे पाणी कुठून येते हे विचारत नाहीत.

खाणीतून खनिज निघते त्याच्या कितीतरी पट माती निघते. ती माती टाकायला कंपनीला जागा हवी होती. जवळची, उतारावरची आणि कुणाच्या पोटावर पाय न येणारी. अशी जागा एकच होती, राय.

निरोप घेऊन आला सुदेश. कृष्णनाथच्या चुलत भावाचा मुलगा, कंपनीच्या साखळीच्या कचेरीत कारकून आणि देवस्थान समितीचा सचिवही. पोरगा गोड बोलायचा. समितीने ना-हरकत द्यावी, कंपनी राष्ट्रोळीला नवे देऊळ बांधून देईल, घुमटीसकट. बैठक देवळापुढच्या मांडवात भरली. वाड्याच्या रिवाजाप्रमाणे पुरुष आत बसले, बायका मांडवाबाहेर कुडाशी उभ्या राहिल्या.

बाबली हा वाड्यावरचा सगळ्यांत जुना गावकर. तो एकटाच उठला. "रायीत हात घालूचो असात तर आदी देवाक विचारूक व्हया."

सुदेशने जराही आढेवेढे घेतले नाहीत. "विचारूया मामा, कोण नाय म्हणता? पण देवाक सरळ विचारूया. देवा, तुका नवा देऊळ व्हया काय? एवढाच. खाणीची माती खंय टाकूची हो माणसांचो व्यवहार. त्यात देवाक कित्याक वोडूचो?"

बाबली खाली बसला. बसला म्हणजे पटले, असे सगळ्यांनी धरले आणि कौल दुसऱ्या दिवशी सकाळी घ्यायचे ठरले.

मग सुदेशने अर्ज पुढे केला. जमिनीचे वर्णन पडीक. पुढे एक रकाना होता, वार्षिक उत्पन्नाचा. "काका, रायीतसून देवस्थानाक काय येता?" कृष्णनाथ ताठ झाला. देवाच्या रानातून एक काटकी विकलेली नाही, हा वाड्याचा अभिमान होता. "काय म्हणजे काय येणा नाय," तो छातीवर हात ठेवून म्हणाला. सुदेशने तेच लिहिले आणि खाली त्याची सही घेतली. जे कधी विकले नाही त्याला कागदावर किंमत नसते, हे त्या भाबड्याला कळले नाही. शाबासकी मिळावी अशा थाटात त्याने सही ठोकली.

घरी विमलाने त्याला गाठले. ती कुडाबाहेरून सगळे ऐकत होती. "राय गेली तर पाणी खंयसून येतला?"

"कंपनी नळ घालतली म्हणता."

"नळात काय कंपनी मुततली?" ती तडकली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "आयका. फाल्या दोन विचारा. देवळाचा विचारा आणि रायीचाय विचारा. वेगवेगळा विचारा. देव काय सांगतलो ता मी मानीन."

"बघूया," कृष्णनाथ म्हणाला. नवऱ्याच्या बघूयाचा अर्थ तिला माहीत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सारा वाडा जमला. तबकात पाकळ्यांच्या दोन जोड्या होत्या. विमलानेच फुले आणली होती आणि मुद्दाम दुप्पट आणली होती. कृष्णनाथने गाऱ्हाणे सुरू केले. त्या दिवशीसारखा आवाज त्याला पुन्हा कधी लागला नाही. बा देवा राष्ट्रोळी, तुझी लेकरे तुझ्या दारात उभी आहेत, तुझ्या डोक्यावर पाणी गळते आणि आम्ही सुखाने झोपतो, आता तुला नवे देऊळ बांधावे असे मनात आहे, तुझी मर्जी असली तर उजवा कौल दे, म्हाराजा!

"व्हय म्हाराजा!"

पाकळ्या लावल्या. उजवी टपकन पडली. लोक आनंदाने ओरडले. नव्या घराला नको कोण म्हणतो? देव झाला तरी काय झाले.

कृष्णनाथचा हात दुसऱ्या जोडीकडे गेला. समोर बायकांत विमला उभी होती, तिची नजर त्याच्यावर खिळलेली. मागे सुदेशने घसा खाकरला. ओरड ओसरत चालली, लोक वाट बघू लागले. कृष्णनाथला त्या क्षणी पक्के ठाऊक होते की रायीचे विचारले तर डावी पडेल. देवावर त्याची तेवढी श्रद्धा होतीच. म्हणूनच त्याने विचारले नाही. खांद्यावरचा पंचा काढला आणि पाषाण पुसून टाकला.

विमला वळून घरी गेली. त्या दिवशी तिने चूल पेटवली नाही आणि त्यानेही का ते विचारले नाही.

झाडे तोडायला कोल्हापूरकडची टोळी आली. तिचा मुकादम धोंडिबा. कुऱ्हाडी घेऊन शिवेवरच्या दगडाशी आला आणि थबकला. परका माणूस, त्याला कुणी काही सांगितले नव्हते. तरी रान बघून त्याने पायातल्या वहाणा काढल्या. "म्हाराज, देवाला इचारलंय न्हवं? आमच्याकडं असल्या झाडांना हात लावत न्हाईत."

"विचारलंय," कृष्णनाथ म्हणाला आणि त्याने स्वतःच्या हाताने नारळ फोडला.

बावीस दिवस तोड चालली. वटवाघळे भर उन्हात घिरट्या घालत राहिली, नंतर कुठे गेली देव जाणे. मग ट्रक सुरू झाले आणि रायीच्या जागी लाल मातीचा डोंगर वाढू लागला. कंपनीने शब्द मात्र पाळला. देऊळ झाले, घुमटी झाली, गुळगुळीत लाद्या बसल्या. अर्पणसोहळ्याला कृष्णनाथने नवे सोवळे नेसून गाऱ्हाणे घातले, आणि कोरगावच्या मेव्हण्यांना मुद्दाम पुढे बसवले.

पहिल्या पावसाळ्यात डोंगराची माती शेतात उतरली. भाताच्या रोपांवर लाल चिखल बसला तो धुतला गेलाच नाही. दुसऱ्या वर्षी झरीचे पाणी चहासारखे झाले. तिसऱ्या वर्षी मार्चमध्येच झर आटली. वायंगण बंद. सुपारीची झाडे शेंड्याकडून वाळत गेली. डोंगर भिजून पाणी मुरायला रान लागते, हे सांगायला मग एक सरकारी माणूस येऊन गेला. जीप रस्त्यावर ठेवून त्याने डोंगराकडे पाहिले, "इथलं जंगल फार मौल्यवान असणार," असे म्हणाला आणि गेला. लोकांनी त्याला चहा दिला, तोही टँकरच्या पाण्याचा. सोलं नाहीत म्हणून विमलाची साखळीची वारी थांबली. आता ती त्याच बाजारातून सोलं विकत आणायची आणि आणल्यावर पुडी नवऱ्यासमोर ठेवायची. बोलायची काही नाही.

ते न बोलणे कृष्णनाथला आतून पोखरत गेले. देवाने विचारलेल्या तेवढ्याच गोष्टीचा कौल दिला, आणि आपण सारा वाडा फसवला. ही गोष्ट एकट्याने पोटात ठेवून तो सहा वर्षे गाऱ्हाणी घालत राहिला. आवाज फाटू लागला. शेवटी त्याने ठरवले की सांगून टाकायचे. काढतील मान काढून. वाळीत टाकतील, टाकू देत. चारचौघांत लाज काढण्याचीच तर या वाड्याची रीत होती.

त्या वर्षीची बैठक नव्या देवळाच्या मंडपात भरली. कृष्णनाथ उठला.

"म्हाराजानू, माझ्याकडसून पाप झाला. त्या दिसा मी देवळाचा विचारलंय. रायीचा विचारूक नाय. मुद्दाम विचारूक नाय. देव नको म्हणतलो, ह्या माका ठावक होता. तुमका सगळ्यांका मी फसवलंय. काय शिक्षा करूची ती करा."

सुदेश कागद चाळत बसला. मग बाबली खांबाला धरून सावकाश उठला.

"कृष्णा, आमी काय बहिरे होतंव? तू फक्त देवळाचा विचारलंस ता सगळ्यांनी आयकला. तू पाषाण पुसलंस तेव्हा माझो जीव भांड्यात पडलो. म्हटला, बरा झाला, रायीचा नाव निघूक नाय. माझ्या झिलाक त्याच आठवड्यात खाणीर घेतलो. हेंच्यातल्या कोणाकोणाचो ट्रक लागलो, ता तुका सांगूक व्हया?" त्याने बसलेल्यांवरून नजर फिरवली. एकानेही वर पाहिले नाही. "तेव्हा ह्या तुझ्या एकट्याचा पाप म्हणून मिरवू नको. बस खाली."

कृष्णनाथ उभाच राहिला. सहा वर्षे ज्या लोकांची माफी मागायची म्हणून तो झुरत होता, ते सगळे त्याच्याआधीच सामील होते. त्याला शिक्षा करायचा हक्क असलेले माणूस तिथे एकच होते. मंडपाबाहेर खांबाशी विमला रिकामी कळशी घेऊन उभी होती, आणि बैठकीत बोलायचा मान तिला नव्हता.

"विषय संपलो मगे?" सुदेश म्हणाला. "आता टँकराचे वार ठरवूया."