खिशातला फ्यूज

वडील परळच्या एका गिरणीत वायरमन होते. कुठल्याही वायरीला हात लावण्याआधी ते मेनचा चिनीमातीचा फ्यूज उपसून सदऱ्याच्या खिशात टाकायचे आणि खिशाचं बटण लावायचे. फ्यूज आपल्याकडे असला की दुसरा कोणी चुकून वीज सुरू करू शकत नाही, ही त्यांच्या खात्याची रीत. "हा इथे आहे तोवर वायर मेलेली," असं खिशावर थाप मारून सांगायचे.

संप झाला तेव्हा मी सहावीत होतो. संप मिटल्याचं कोणी कधी सांगितलं नाही. वडिलांची गिरणी मात्र पुन्हा उघडली नाही. त्यांच्याकडे परवाना नव्हता, पण काम हातात होतं. काळाचौकीच्या चाळींत वायरिंग करून त्यांनी माझं शिक्षण केलं. एवढ्या वर्षांत त्यांना एकदाही शॉक बसला नाही.

पुढे आमच्या चाळीच्या जागी इमारत उभी राहिली. माझी बायको गेली आणि वरच्या मजल्यावरच्या घरात आम्ही दोघंच उरलो. मी सोसायटीचा सेक्रेटरी झालो. जिन्यातल्या दिव्यांसाठी आणि पंपासाठी गच्चीवर सोलर बसवायचं सर्वांनी ठरवलं, आणि गणपतीच्या आधी ते सुरू व्हावं ही घाई माझी. ओळखीच्या एका माणसाला काम दिलं. त्याच्याकडे परवानाधारक ठेकेदाराची सही आहे का, हे विचारलंही नाही. त्याने आणलेल्या कागदावर बरंच काही लिहिलेलं होतं : गच्ची वजन पेलेल असा इंजिनिअरचा दाखला, अर्थिंग, पॅनेलपाशी वीज तोडायचा स्विच, धोक्याची पाटी. प्रत्येक ओळीपुढे 'पाहिले' असं लिहायचं होतं. मी घरी खुर्चीत बसून सगळीकडे 'पाहिले' लिहिलं आणि खाली सही केली. गच्चीवर चढलोसुद्धा नाही.

ऑक्टोबरात एका दुपारी मीटरच्या खोलीतलं सोलरचं मशीन सारखं वाजू लागलं. मी ऑफिसात होतो. वडिलांनी खाली जाऊन मेनचा फ्यूज काढला, खिशात टाकला, पक्कड घेऊन गच्चीवर गेले आणि एक सैल जोड उघडून दोन्ही तारा हातात धरल्या. पॅनेलवर ऊन आहे तोवर त्या तारा जिवंतच असतात, खाली फ्यूज असो वा नसो. हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. सांगणारी पाटी नव्हती, तोडायचा स्विचही नव्हता.

शेजारच्या काकी तिथे बोंबील सुकत घालून बसल्या होत्या. कावळे हाकलायच्या काठीने त्यांनी वडिलांच्या हातावर फटका मारला, म्हणून ते वाचले. उजव्या हाताची दोन बोटं काढावी लागली. नर्सने त्यांचा सदरा माझ्याकडे दिला, तेव्हा खिशाचं बटण लावलेलंच होतं.

त्यांना घरी आणलं त्या संध्याकाळी दारात चार माणसं जमली. "सेक्रेटरी, झालं काय नेमकं?"

"म्हातारा ऐकतो का कोणाचं?" मी म्हणालो. "कोणी सांगितलं होतं वर कडमडायला?"

चाळीतल्या सवयीने आमचं दार उघडंच असायचं. वडील आत कॉटवर जागे होते.

दोन दिवसांनी त्यांनी विचारलं, "त्या वायरीचा फ्यूज असतो कुठे?"

"तसा नसतो, बाबा. वर स्विच लागतो."

"कागदात लिहिलं नव्हतं?"

"होतं. मी न बघता सही केली."

"मिलमध्ये असं कोणी केलं असतं तर आम्ही त्याला गेटवर धरला असता," ते म्हणाले आणि त्यांनी कूस बदलली. त्यानंतर त्यांनी पक्कड हातात धरली नाही. माझ्याशी बोलायचे ते जेवणापुरतं.

मी परवानाधारक ठेकेदार आणला. स्विच बसवला, अर्थिंग करून घेतलं, लाल पाटी लावली. म्हाताऱ्याच्या चुकीवरून सेक्रेटरी शहाणा झाला, असं लोक म्हणाले. मी ते म्हणू दिलं. दीड वर्षाने वडील गेले. तेराव्याला कोणीतरी म्हणालं, "हट्टी होते हो, ऐकायचे नाहीत कोणाचं." मी मान डोलावली.

ती मान मला सोडेना. पुढच्या वार्षिक सभेत मी तो कागद बाहेर काढला आणि एकेक ओळ वाचली. प्रत्येक ओळीनंतर माझं 'पाहिले' वाचलं. "यातलं मी काहीही पाहिलं नव्हतं," म्हणालो. "चूक वडिलांची नव्हती."

कोणी चिडलं नाही. कोणीतरी म्हणालं, "जाऊ द्या आता, झालं ते झालं." पुढचा विषय पाण्याच्या टाकीचा होता.

सभेनंतर जिन्यात काकींनी मला थांबवलं. "तुझ्या बापाशीन माका तुझ्या सहीचा तेव्हाच सांगितल्यान. कोणाक बोलू नको म्हणान शपथ घातल्यान." मग माझ्याकडे बघत म्हणाल्या, "तुझी वाट बघी होतो रे तो."

मी वर आलो. दार सवयीने उघडंच ठेवून गेलो होतो. कॉटजवळ उभा राहिलो आणि सभेत शेवटी म्हणालो होतो ते वाक्य पुन्हा एकदा, मोठ्याने म्हणालो.