बॅग मांडीवर

बस सुरू झाली की सर मध्यभागी उभे राहून एकच वाक्य बोलायचे, "बॅग मांडीवर ठेवा रे, वर नाही." वरची फळी रिकामी असायची, तरी पोरं दप्तरं मांडीवर घेऊन अवघडून बसत. कोणी "कायले सर?" म्हटलं, तर म्हणायचे, "घर सोडून निघालेला माणूस बॅग वर ठेवत नाही. झोप लागली तं?" पोरं खिदळायची. तुम्हीही हसला असता.

सानगडीच्या शाळेत ते इतिहास शिकवत, मी पी.टी. घ्यायचो. म्हणजे सहलीत शिट्टी वाजवणं आणि ओकणाऱ्यांना खिडकीशी बसवणं माझ्याकडे. सरांची सहल दरवर्षी एकाच ठिकाणी जायची, अर्जुनीकडच्या बंगाली कॅम्पात. सीमेपलीकडे दंगली झाल्या, युद्ध झालं, त्यात घर सुटलेली माणसं सरकारनं तिथं वसवली. त्यांची नातवंडं आता मराठी शाळेत जातात, तरी आम्ही त्या वस्तीला कॅम्पच म्हणतो.

पुढे जिल्हा फुटला. कॅम्प गोंदियात गेला, आम्ही भंडाऱ्यात उरलो, आणि हाकेवरची सहल 'जिल्ह्याबाहेरची' झाली. परवानगीसाठी खेटे घालून सर थकून जात. त्यात पालक. "पोरायले नागपूर दाखवा ना. बंगाल्यायचे घर पाहून काय भेटते?"

"काही नाही भेटत," सर चष्मा पुसत म्हणायचे, "तरी नेतो."

कॅम्पात एक आजी होती. तिच्या अंगणात पोरं बसत. सरांची ताकीद असायची, मेले किती ते विचारायचं नाही; घर सोडून निघताना चुलीवर काय होतं ते विचारायचं. आजी दरवर्षी तेच सांगायची. भात होता. उतरवायला वेळ मिळाला नाही. पोरं जांभया देत. खरं सांगतो, मलाही कंटाळा यायचा. परतताना सर माझ्याशेजारी बसून पुटपुटायचे, "एकाच्याही डोक्यात नाही शिरलं गा. एकाच्या तरी शिराले पाहिजे."

मग हेडमास्तरांनी सांगून टाकलं, यंदाची शेवटची. पुढल्या वर्षी वॉटर पार्क.

त्या वर्षी पोरं दप्तरं छातीशी धरून उतरली. आजी अंगणात बसली होती. आमच्याकडे बराच वेळ पाहत राहिली आणि खांबाला धरून उठली.

"आ गया? रास्ते में खाया कुछ?"

सून ओशाळली. "आजकाल असंच करते. कोणीही आलं का घर सोडून तिकडूनच आलं समजते."

"आजी, आम्ही सानगडीचे..." सर म्हणाले आणि थांबले. आजीनं सुनेला भात टाकायला सांगितलंही होतं. मग तिनं समोरच्या मुलीचा हात धरला. बसमध्ये सगळ्यात जास्त दंगा हिनंच केला होता.

"घर छूटा?"

मुलीनं सरांकडे पाहिलं. सर खाली बघत होते.

"हो आजी."

"चूल्हे पे कुछ था?"

"भात होता."

"उतारा नहीं?"

"वेळच नाही भेटला आजी," मुलगी म्हणाली, आणि तिचा आवाज चिरकला. आजीनं पदरानं तिचं तोंड पुसलं.

कोणी हसलं नाही. आम्ही अंगणात पंगत करून गरम भात आणि वरण खाल्लं. घरून आणलेले डबे तसेच राहिले. परतताना मागे वळून पाहिलं तर सगळ्यांच्या बॅगा मांडीवर होत्या. सर खिडकीकडे तोंड करून रडत होते, आणि मी त्यांना रडू दिलं.

सर निवृत्त झाले, मग त्यांची बायको गेली. एकट्यानं राहणं जमेना तेव्हा मुलगा पुण्याहून गाडी घेऊन आला. मी निरोप द्यायला गेलो. मुलाला घाई होती, उजेडात नागपूर ओलांडायचं होतं म्हणे. सर मागच्या सीटवर बॅग मांडीवर घेऊन बसले होते.

"बाबा, द्या ना इकडे. डिक्की रिकामी आहे."

"राहू दे."

मी खिडकीशी वाकलो. काही सुचेना, म्हणून विचारलं, "सर, गॅस बंद केला ना?"

ते दचकले. "तुह्यासाठी चहा ठेवला होता गा. पाहून ये बरं."

मी आत गेलो. गॅस बंद होता. भांड्यात दोघांपुरता चहा होता, गाळायचा राहिलेला. सांगायला बाहेर आलो, तोवर गाडी साकोलीच्या रस्त्याला लागली होती.