जास्त जोराची कॉइल

ताईच्या व्हॅनमध्ये मी जास्त जोराची कॉइल बसवली, तेव्हा मला माझ्याच हुशारीचं कौतुक वाटलं होतं. तुर्भ्याला माझं छोटं गॅरेज. ताई आणि भावजी उलव्याचे. भावजी होडी घेऊन खाडीतून मासळी आणायचे आणि दोघं मिळून ती खारघरच्या सोसायट्यांमध्ये विकायचे. व्हॅन जुनी, पेट्रोलची, सकाळी स्टार्ट व्हायला रडायची. दुसऱ्या एका गाडीची कॉइल माझ्याकडे पडून होती. तिने ठिणगी अशी कडक पडली की व्हॅन लगेच सुरू झाली. ताईने त्या दिवशी जिताडा मासा पाठवला.

दोन महिन्यांनी इग्निशन मॉड्यूल जळलं. मॉड्यूल म्हणजे कॉइलचा करंट भराभर चालू-बंद करणारी इलेक्ट्रॉनिक डबी. मी नवी बसवली. तीही जळली. "हल्ली माल डुप्लिकेट येतो," मी म्हणालो. तिसऱ्यांदा जळली तेव्हा मी भावजींनाच बोललो, "तुम्ही इंजिन बंद करून चावी ऑन ठेवता, म्हणून तापतं."

"नाय ठेवत रे," एवढंच म्हणाले ते.

मे महिन्यात भरदुपारी व्हॅन उरण रोडच्या चढावर बंद पडली. ताई स्टिअरिंगवर, भावजी खाली उतरून ढकलत होते. मागून आलेल्या ट्रेलरचा त्यांना धक्का लागला. खुब्याचं हाड मोडलं.

व्हॅन गॅरेजमध्ये ओढून आणली. डबी पुन्हा जळालेलीच होती. त्या दिवशी मी पहिल्यांदा कॉइलला मीटर लावला. हवा त्याच्या निम्म्याहूनही कमी रेझिस्टन्स. म्हणजे ती कॉइल दुपटीहून जास्त करंट ओढत होती, आणि तो अडवायची सोय या डबीत नव्हती. कितीही नव्या डब्या बसवल्या असत्या तरी जळल्याच असत्या. मी तिथेच फरशीवर बसलो. मीटर लावायला दोन मिनिटंही लागली नव्हती.

सांगायला मात्र तीन आठवडे लागले. हॉस्पिटलच्या व्हरांड्यात ताई मोसंबी सोलत होती.

"ताई, डबी खराब नव्हती. मी बसवलेली कॉइलच चुकीची होती."

तिचे हात थांबले. "म्हंजे यांची चूक नव्हती?"

"नाही."

"मग जा, त्यांना सांग. रोज मला इचारतात, चावी ऑन राहिली होती काय गं."

मी आत जाऊन सांगितलं. "बरं केलंस सांगितलंस," भावजी म्हणाले, आणि तोंड भिंतीकडे वळवलं.

आता ते काठी घेऊन चालतात. होडी विकली. ताई दुसऱ्यांची मासळी घेऊन बाजारात बसते. भाऊबीजेला ती मला न चुकता बोलावते, ओवाळते. भावजी बाहेर येतात, "गॅरेज ठीक हाय ना?" विचारतात, आणि उत्तर ऐकून आत जाऊन पडतात.