निमगावकरांचं गाव

आडनावांचे किस्से मुद्दाम गोळा करावे लागत नाहीत. चार मराठी माणसं चहाला बसली की ते आपोआप साचतात. मध्यप्रदेश नवानवा झाला, तेव्हा इंदूरच्या आमच्या ऑफिसात मराठी माणसंच जास्त, आणि प्रत्येकाच्या आडनावामागे जुना दरबार उभा!

*

जबलपूरहून नवे साहेब आले. पहिल्याच दिवशी त्यांनी ओळीनं नावं विचारली.

"फडणीस." "पोतनीस." "जामदार." "किल्लेदार."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "भाई, मैंने नाम पूछा है, ओहदा नहीं!"

फडणीसांनी समजावलं, की पणजोबांचं काम गेलं, नाव तेवढं राहिलं. साहेब म्हणाले, "मतलब काम बंद, नाम चालू!" त्यानंतर ऑफिसात कोणी रिकामा दिसला की त्याला हेच ऐकावं लागे.

*

किल्लेदारांच्या पूर्वजांनी कुठला किल्ला सांभाळला, हे त्यांनाही नक्की माहीत नव्हतं. पण पाहुणा आला की ते तास तास किल्ल्याच्या तटबंदीबद्दल बोलत. एकदा आतून वहिनींचा आवाज आला, "अहो, किल्ल्याचं राहू द्या! आधी मागच्या दाराला कडी बसवा, रोज मांजर दूध पिऊन जातंय!"

*

पागनीस म्हणजे सरकारी पागेचा, घोड्यांचा हिशेब ठेवणारे. आमचे पागनीस राजवाड्यापासून स्टेशनपर्यंत टांगेवाल्याला हेच सांगत होते. तेवढ्यात घोडा जोरात फुरफुरला आणि पागनीस टुणकन खाली!

टांगेवाला शांतपणे म्हणाला, "भिया, घोड़ा भी ख़ानदानी है, बस बताता नहीं."

*

निमगावकरांची गोष्ट मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. मुलीचं लग्न ठरलं आणि त्यांच्या आईनं सांगितलं, "पहिली अक्षत गावच्या देवीला. त्याशिवाय लग्न नाही." आता गाव कुठलं? चार पिढ्या इंदुरात गेलेल्या, गाव कोणी पाहिलेलं नाही, आणि महाराष्ट्रात निमगावं पैशाला पासरी! आईला सासूकडून एवढंच कळलेलं, की देवी टेकडीवर आहे आणि पायथ्याशी बारव, म्हणजे पायऱ्यांची विहीर.

तिकडे मुलाकडच्यांचा निरोप आला, "या महिन्यात जमत नसेल तर आम्ही दुसरीकडे बघतो."

निमगावकर आईला घेऊन निघाले. एका निमगावात टेकडीच नव्हती. दुसऱ्यात होती, पण वर मारुती! तिसऱ्यात मात्र टेकडी दिसली, बारव दिसली, आणि आईनं एसटीतूनच हात जोडले.

पारावर एक म्हातारबाबा बसले होते. निमगावकरांनी विचारलं, "बाबा, इथं निमगावकरांची घरं कुठं आहेत?"

बाबा हसले. "निमगावात निमगावकर कसा असंल? आम्ही शिंदे, जगताप, कुलकर्णी. गाव सोडून गेला तो निमगावकर! तुम्ही कुठनं आलात?"

"इंदूरहून."

"मग तुमचं आधीचं आडनाव काय?"

निमगावकरांनी आईकडे पाहिलं. आई टेकडीकडे पाहत होती. "भिया, आईलाही ठाऊक नव्हतं," ते नंतर आम्हाला सांगत होते. "आपल्यालाच आपलं नाव नी मालूम, मग गुरव अक्षत कशाला घेईल? आणि त्यानं नाही घेतली, तर पोरीचं लग्न मोडलंच की!"

बाबांना घेऊनच सगळे टेकडी चढले. आईनं अक्षता पुढे केल्या. गुरवानं विचारलं, "कुणाच्या घरचं लगीन?"

निमगावकर आईकडे वळले. बाबाच मागून म्हणाले, "इंदूरकरांच्या."

गुरवानं अक्षता देवीच्या पायाशी ठेवल्या आणि खणखणीत हाक दिली, "आई, इंदूरकरांच्या घरी लगीन हाय! सगळ्यांच्या आधी ये गं!"