ओट्यापाशी कोण होतं

आनंदनगर एमआयडीसीतल्या एका औषधांच्या कंपनीत मी लॅबमध्ये होते तेव्हाची गोष्ट. शिफ्ट फिरती असायची. रात्रपाळीच्या आठवड्यात मी सकाळी घरी यायचे, दोन घास खायचे आणि पडदे ओढून झोपायचे. नवरा तोवर ठाण्याला ऑफिसात गेलेला असायचा. अंबरनाथच्या आमच्या फ्लॅटमध्ये दिवसभर मी आणि माझे सासरे, दोघंच. त्यांना मी बाबा म्हणते.

बाबा थोडे विसराळू झाले होते. तीच गोष्ट पुन्हा सांगायचे, भाजीची पिशवी भाजीवाल्याकडेच ठेवून यायचे. आम्ही हसून सोडून द्यायचो. पण त्या दिवाळीनंतर हसण्यासारखं राहिलं नाही. एका दुपारी मी उठले तर गॅस चालू आणि वर भांडंच नाही. बाबा हॉलमध्ये पेपर मांडीवर घेऊन डुलक्या घेत होते. चहा केला होता का, असं विचारलं तर गोंधळले. केला असेल, म्हणाले. पुढच्या रात्रपाळीला पुन्हा तेच. मग एकदा घराचं दार सताड उघडं. एकदा तर कपाटातले सगळे ग्लास ओट्यावर एका रांगेत मांडलेले, प्रत्येकात थोडं थोडं पाणी. ते पाहून मला पहिल्यांदा भीती वाटली.

हे सगळं माझ्या रात्रपाळीतच घडत होतं, हे आमच्या लक्षात आलं होतं. पण आम्ही अर्थ असा लावला, की मी झोपलेली असते, बाबांवर लक्ष ठेवायला कोणी नसतं, म्हणून.

आणि मग मी त्यांना पाहिलंच. झोपेतून अर्धवट जाग आल्यासारखं झालं, समोर बाबा ओट्यापाशी उभे, हात गॅसच्या बटणावर. पुढचं काही आठवत नव्हतं, पण तेवढं चित्र डोळ्यांसमोर लख्ख होतं. संध्याकाळी मी नवऱ्याला सांगितलं, की आता शंकाच नको, मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय.  मग त्याने बदलापूरला बहिणीला फोन लावला. नणंदेच्या घरी दिवसभर माणसं असतात. रविवारी बाबांना तिकडे न्यायचं ठरलं.

बाबांनी वाद घातला नाही. आपली उशी नेली तर चालेल का, एवढंच विचारलं. त्या दिवसापासून ते स्वयंपाकघरात पाऊल टाकेनात. तहान लागली तरी मी उठेपर्यंत थांबायचे. शेजारच्या काकू, मूळच्या उल्हासनगर कॅम्प चारच्या सिंधी, रोज खाली बाकावर बाबांशी गप्पा मारत. बाबा खाली येईनासे झाले तशा त्या चौकशी करायला वर आल्या. मी त्यांना हळू आवाजात सगळं सांगितलं. त्यांना ते पटलेलं दिसलं नाही.

शुक्रवारी संध्याकाळी मी कामाला निघायच्या आधी भाकऱ्या करत होते. बाबा स्वयंपाकघराच्या दारात, उंबऱ्याच्या पलीकडेच उभे राहिले.

"पोरी, ब्लँक म्हणजे काय गं?"

मी सहज सांगितलं. लॅबमध्ये तपासणी करताना एका भांड्यात औषध न घालता बाकी सगळं घालतात, तुलनेसाठी. त्याला ब्लँक म्हणतात. आणि सांगता सांगता माझा हात थांबला. कामातलं मी घरी कधी बोलत नाही. मी विचारलं, हा शब्द तुम्ही कुठे ऐकलात?

"तूच म्हणालीस ना. इथे उभी होतीस, गॅस पेटवून. मी हाक मारली तर म्हणालीस, थांबा, ब्लँक लावलाय. मग मी गॅस बंद केला आणि तू आत जाऊन झोपलीस."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"मला वाटलं, मलाच भास झाला. गॅस तर मीच चालू ठेवतो ना."

माझं पहिलं उत्तर नाही असंच होतं. मी झोपेतून उठलेली मला कशी आठवणार नाही? मग ते लख्ख चित्र पुन्हा डोळ्यांपुढे आलं. बाबा, ओटा, बटणावर हात. मी बेडरूममध्ये गेले, पलंगावर आडवी झाले आणि दाराकडे पाहिलं. तिथून भिंत दिसते. ओटा दिसतच नाही. बाबांना तसं पाहायला मी स्वयंपाकघरातच उभी असायला हवी होते.

तशीच पडून राहिले. स्वतःच्याच घरात कोणी परकी बाई वावरते आहे आणि ती मी आहे, असं काहीतरी वाटत होतं. तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला तेव्हा उठले.

दुसऱ्या दिवशी, मी झोपायच्या आधी सांगून ठेवल्याप्रमाणे, दुपारी काकू आमच्याकडे येऊन बसल्या. पुढचं मी पाहिलेलं नाही, काकूंच्या तोंडून ऐकलेलं आहे. मी उघड्या डोळ्यांनी बाहेर आले, त्यांच्याकडे बघितलं पण ओळखलं नाही, आणि ग्लास काढून रांगेत मांडायला लागले. त्यांनी हळूच माझा हात धरून मला पलंगावर नेलं. मी उठल्यावर त्या म्हणाल्या, "बेटा, तू नींद में चलती है. घाबरू नको. आता माहीत झालं ना, इलाज होईल."

नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो आधी माझ्याकडे आणि मग बाबांच्या भरलेल्या बॅगेकडे बघत राहिला. त्यानेच बॅग उघडली, कपडे कपाटात लावले आणि बहिणीला फोन करून सांगितलं, की बाबा कुठेही जात नाहीयेत.

डॉक्टर कल्याणला भेटले. त्यांनी सांगितलं, की अपुरी झोप आणि सतत बदलणाऱ्या पाळ्या यांनी मोठ्या माणसांनाही असं होऊ शकतं. औषधापेक्षा झोपेची वेळ ठरवण्यावर त्यांचा भर होता. कंपनीत आधी कुरकुर झाली, पण माझ्या साहेबांनी वर बोलून मला जनरल शिफ्ट मिळवून दिली. बाबांनाही त्याच डॉक्टरांना दाखवलं. वयाच्या मानाने ठीक आहे, म्हणाले. कानाला मात्र मशीन लागलं. निम्म्या गोष्टी ते विसरत नव्हते, त्यांना त्या ऐकूच येत नव्हत्या.

बाबांची भीती जायला माझ्यापेक्षा जास्त वेळ लागला. गॅस बंद केल्यावर ते पुन्हा पुन्हा बघायचे. मी त्यांना मुद्दाम कामं सांगायला लागले, दूध तापवा, कुकर लावा. एका रविवारी ते एकटेच बदलापूरला लेकीकडे जाऊन आले, येताना जांभळं घेऊन.

गेल्या महिन्यात घरात पाहुणे होते, माझं जागरण झालं. सकाळी बाबा म्हणाले, पहाटे तू उठली होतीस, बाल्कनीचं दार उघडत होतीस, मी आणून झोपवलं. मला त्यातलं काहीच आठवत नव्हतं. मी म्हटलं, बरं झालं बाबा, आणि आम्ही जांभया देत चहा प्यायला बसलो.