कानाला स्क्रू ड्रायव्हर

सुदाम फिटर पहिल्यांदा माझ्या घरी आला तो परदेशातून आलेलं एक पत्र घेऊन. पण ते टेबलावर ठेवून तो आधी माझ्या खडखडणाऱ्या कूलरकडे वळला. पिशवीतला लांब स्क्रू ड्रायव्हर काढून टोक मोटरीला लावलं, मूठ कानाला आणि डोळे मिटून उभा राहिला. "बेअरिंग गेलंय सर. कोन्तीबी मशीन आधी ऐकून घ्यावी, मंगच हात लावावा." मी नवीन जालन्यातला निवृत्त इंग्रजी शिक्षक. मला जन्मभर ऐकवायची सवय.

पत्र व्हिसा रद्द झाल्याचं होतं. एमआयडीसीतल्या रोलिंग मिलमध्ये हात बसलेला हा माणूस परदेशातल्या पोलाद कारखान्यात कामाला गेला आणि मुदतीआधीच परत आला. याने काहीतरी भानगड केली असणार, असं भोकरदनजवळच्या त्याच्या गावाने ठरवूनच टाकलं होतं. खोटं कशाला बोलू, मलाही तेच वाटलं.

"भानगड कसली सर? बाजूच्या कारखान्याची मशीन बंद पडल्ती, त्यायचा फिटर बिमार. सुट्टीच्या दिवशी गेल्तो, गिअर बसवला, चहा पेलो अन् आलो."

आपल्याकडे शेजारची मिल अडली की फिटर उठून जातो. तिथे मात्र व्हिसा एकाच मालकापुरता. कुणीतरी कळवलं आणि व्हिसा गेला. "मशीनचं बी ऐकतो आपन. मला कोनी इचारलंच न्हाई," हेच त्याला लागलं होतं.

फेरविचाराच्या अर्जात मी 'नियम ठाऊक नव्हता' असं घातलं. त्याने ते खोडायला लावलं. "करार वाचूनच सही केल्ती. फक्त पगार न घेता केलेल्या मदतीला बी ते काम म्हनत्यात, हे न्हवतं माहीत."

सुनावणी माझ्याच संगणकावर झाली. आवाज नको म्हणून कूलर बंद, दोघेही घामाने निथळत होतो. पलीकडच्या अधिकारी बाईंनी दुभाष्यामार्फत शेवटी विचारलं, पुन्हा अशी मशीन बंद पडली तर? मी टेबलाखालून त्याचा पाय दाबला. सुदामने बराच विचार केला. "जाईन. पन आधी तुमाला इचारून."

मी कपाळावर हात मारला.

काही आठवड्यांनी निकाल आला. व्हिसा रद्दच राहिला. मला भयंकर राग आला, पण सुदामने अख्खा निकाल माझ्याकडून वाचून घेतला. गिअर, सुट्टीचा दिवस, चहासुद्धा त्यात होता. "बराबर लिव्हलंय. समदं ऐकलं त्यायनं. सर, हे मराठीत लिहून द्या, गावात दाखवतो."

लिहिताना एका वाक्याशी माझा हात थांबला. 'नियम मोडला गेला. मात्र या माणसाच्या प्रामाणिकपणाबद्दल आम्हाला शंका नाही.' त्या बाईंनी त्याला जेमतेम तासभर पाहिलं होतं. मी तर त्याने तोंड उघडण्याआधीच निकाल देऊन मोकळा झालो होतो.

कागद घ्यायला तो एमआयडीसीतली पाळी संपवून आला, येताना नवं बेअरिंग घेऊन. ते बसवून त्याने कूलर चालू केला. मी धीर करून म्हणालो, "सुदाम, मी पण तुझ्याबद्दल वाईटच समजून बसलो होतो रे."

स्क्रू ड्रायव्हर कानाला, डोळे मिटलेले. त्याने नुसता हात वर केला.

"थांबा सर. ऐकून राह्यलो."